संदर्भ उतरवून घेताना

‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’ या निबंधाचा दाखला शेकडो संशोधकांनी आपल्या लेखांत दिला आहे. लेखक व्हॅन डेर गीर, हॅनराड्स आणि लप्टन, साल २०००, खंड १६३, पानं ५१ ते ५९. सगळं जिथल्या तिथे. फक्त असा निबंध कधी कुणी लिहिलेला नाही, आणि तो ज्यात छापून आला म्हणतात त्या नावाचं नियतकालिकही नाही.

हा प्रकार नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांच्या नजरेस आला. लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये त्याची सगळी हकीगत लिहिली. ‘वेब ऑफ सायन्स’ या डेटाबेसमध्ये तेव्हा या नसलेल्या निबंधाचा हवाला देणारे जवळजवळ ४०० लेख सापडले, बहुतेक परिषदांच्या संग्रहांतले. उगम शोधला तर साधाच निघाला. एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने संदर्भ कसा लिहावा हे दाखवण्यासाठी लेखकांना एक नमुना दिला होता. लेखकांनी तो साचा उतरवून घेतला, त्यात आपला मजकूर भरला आणि नमुन्याची ओळ खोडायची राहून गेली. काहींनी तर ती खरी समजून वापरली असावी.

संदर्भसूची हा शोधनिबंधाचा सर्वांत कंटाळवाणा भाग. वाचक तिथवर पोचत नाहीत, परीक्षक वरवर नजर टाकतात आणि पीएचडीचा विद्यार्थी ती शेवटच्या रात्री करायला घेतो. म्हणूनच हे काम यंत्राकडे देण्याची सोय झाली, आणि आज जगभरचे संशोधक ती वापरतात. डेटाबेसमध्ये शोध घ्यायचा, आलेले निकाल एका फाइलमध्ये एक्सपोर्ट करायचे आणि ती फाइल झोटेरो, एंडनोट किंवा मेंडेलीसारख्या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओतायची. पुढे वर्डमध्ये लिहिताना एक बटण दाबलं की संदर्भ जागेवर बसतो आणि शेवटी सूची आपोआप तयार होते. हे सगळं काही मिनिटांत उरकतं, आणि त्याच मिनिटांत पुढच्या कित्येक चुकांची बीजंही पेरली जातात.

एक निबंध घेऊन पाहू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत केलेला नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचा प्रयोग महाराष्ट्राला ठाऊक आहे. ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी बाळांची देखभाल आणि जंतुसंसर्गावर उपचार केले, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतला नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. हा अभ्यास ४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पबमेड’मध्ये त्याचा क्रमांक आहे १०६२२२९८.

पबमेड हा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा डेटाबेस. त्याची पूर्वज म्हणजे १८७९ मध्ये सुरू झालेली ‘इंडेक्स मेडिकस’ ही जाडजूड छापील सूची. ती पुढे संगणकावर गेली आणि १९९७ मध्ये इंटरनेटवर सर्वांसाठी फुकट खुली झाली. आज तिथे ३ कोटी ७० लाखांहून जास्त नोंदी आहेत. गडचिरोलीचा निबंध शोधून ‘सेंड टू’ वर जायचं, ‘सायटेशन मॅनेजर’ निवडायचं, की एनबीआयबी नावाची छोटीशी फाइल संगणकावर उतरते.

ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. बहुतेक जण कधीच पाहत नाहीत. आत कसलीही जादू नाही, साध्या ओळी आहेत. प्रत्येक ओळीच्या डोक्याशी दोन ते चार अक्षरांची खूण, मग आडवी रेघ, मग मजकूर. टीआय म्हणजे शीर्षक, व्हीआय म्हणजे खंड ३५४, आयपी म्हणजे अंक ९१९४, पीजी म्हणजे पानं १९५५-६१. एयू ही खूण पाच वेळा येते, कारण लेखक पाच: बंग एटी, बंग आरए, बैतुले एसबी, रेड्डी एमएच, देशमुख एमडी. पूर्ण नावं इथे नाहीत. पबमेडने ती नोंदवायला सुरुवात केली २००२ पासून, त्याआधीच्या निबंधांना आद्याक्षरांवर भागवावं लागतं. एटीमधला टी म्हणजे ठाकुरदास हे मराठी वाचकाला कळेल, सॉफ्टवेअरला कळत नाही.

आता हाच निबंध दुसऱ्या डेटाबेसमधून घ्यावा. तिथे पानं १९५५-१९६१ अशी पूर्ण लिहिलेली असू शकतात. पबमेडमध्ये शीर्षकाच्या शेवटी पूर्णविराम असतो, दुसरीकडे नसतो. कुठे नियतकालिकाचं नाव नुसतं ‘लॅन्सेट’, कुठे ‘द लॅन्सेट’. माणसाला हा फरक जाणवतही नाही. यंत्राला मात्र या दोन वेगळ्या नोंदी वाटू शकतात.

इथे प्रश्न पडतो की सगळ्या डेटाबेसांची फाइल एकसारखी का नाही. ठरवून एकच पद्धत कुणी बसवली नाही, हेच त्याचं उत्तर. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रिसर्च इन्फर्मेशन सिस्टिम्स या कंपनीने ‘रेफरन्स मॅनेजर’ नावाचा प्रोग्रॅम विकायला काढला. त्यात नोंदी भरण्यासाठी तिने दोन अक्षरी खुणांची पद्धत बेतली, आणि कंपनीच्या आद्याक्षरांवरून तिला आरआयएस नाव पडलं. नोंदीची सुरुवात टीवाय या खुणेने, शेवट ईआरने, मधे एयू, टीआय, पीवाय वगैरे. ईआरची ओळ गळाली तर दोन निबंध एकमेकांत मिसळतात. गणित आणि संगणकशास्त्रवाल्यांनी १९८५ पासून आपलं बिबटेक वेगळं धरलं, वैद्यकवाल्यांचं एनबीआयबी वेगळं. पण बहुतेक प्रकाशक आणि डेटाबेस आरआयएस देतातच. गंमत म्हणजे ज्या प्रोग्रॅमसाठी ही पद्धत बनली, त्या रेफरन्स मॅनेजरची विक्री २०१५ अखेर बंद झाली. फाइलची रीत मात्र जोरात चालू आहे, कारण ती कुणालाही वाचता येणारा साधा मजकूर आहे.

एकदोन निबंधांसाठी एवढी चर्चा करण्याचं कारण नव्हतं. घोडं अडतं ते मोठ्या शोधाच्या वेळी.

वैद्यकात ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ नावाचा अभ्यास केला जातो. एका प्रश्नावर जगात झालेले सगळे अभ्यास गोळा करायचे, कसोट्या लावून गाळायचे आणि उरलेल्यांचे निष्कर्ष एकत्र मांडायचे. नवजात बालकांच्या घरभेटींवर असा आढावा गोगिया आणि सचदेव यांनी २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये प्रसिद्ध केला. गडचिरोलीचा प्रयोग त्यात होता. पुढच्याच वर्षी भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांच्या घरभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू केला. सरकारी धोरणं ज्या पुराव्याकडे पाहून ठरतात, त्याची जमवाजमव अशी डेटाबेसच्या निकालांपासून सुरू होते. तिथे एखादा निबंध गळाला, तर पुढे तो कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही.

गळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पबमेडमधून एका वेळी जास्तीत जास्त १०,००० नोंदी फाइलमध्ये घेता येतात. वेब ऑफ सायन्समध्ये आरआयएससाठी एका वेळी १,०००. समजा २,६०० निकाल आले, तर तीन खेपा कराव्या लागतात: १ ते १०००, १००१ ते २०००, २००१ ते २६००. दुसऱ्या खेपेला आकडे बदलायला विसरलं, की पहिल्याच हजार नोंदी पुन्हा उतरतात आणि मधल्या हजार कायमच्या राहून जातात. यंत्र तक्रार करत नाही. एकूण आकडाही २,६०० च दिसतो, त्यामुळे शंका येत नाही. दुसरी हमखास चूक त्याहून साधी: ‘सगळे निकाल’ निवडायचं राहतं आणि समोरच्या पानावरचे तेवढे फाइलमध्ये जातात.

गूगल स्कॉलरची कथा निराळी. तिथे लाखभर निकाल आल्याचं लिहिलेलं असलं, तरी पाहता येतात फक्त पहिले १,०००, आणि सगळे एकदम उतरवून घ्यायची सोयच नाही. एकेका निबंधाखालचं ‘साइट’ दाबत बसावं लागतं. अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २००६ मध्ये ‘पब्लिश ऑर पेरिश’ हा मोफत प्रोग्रॅम बनवला. तो स्कॉलरचे निकाल यादीच्या रूपात आणून देतो. हजाराची मर्यादा मात्र त्यालाही ओलांडता येत नाही. आढाव्यासाठी केवळ स्कॉलरवर विसंबू नये असं ग्रंथपाल सांगतात, त्याची ही दोन ठोस कारणं.

काही जण निकाल सीएसव्ही फाइलमध्ये घेऊन एक्सेलमध्ये उघडतात. तेही चालतं, पण एक्सेलला तारखांचं भारी वेड. पानं ‘३-८’ असतील तर तो त्यांची परस्पर तारीख करून टाकतो. याच खोडीला कंटाळून मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण मार्च किंवा सप्टेंबर महिन्याशी जुळणारी नावं एक्सेलमध्ये तारखा होऊन बसत होती. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जनुकाचं नाव बदलणं सोपं गेलं!

तीन-चार डेटाबेसांतून नोंदी आल्या की दुबार नोंदी येणारच. त्या काढून टाकण्याचं काम किचकट आहे आणि त्याचा हिशोबही द्यावा लागतो. प्रिझ्मा नावाची एक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आहे. ती २००९ मध्ये आली, पुढे ‘प्रिझ्मा २०२०’ या नावाने सुधारली. तिच्यातल्या तक्त्यात पहिल्याच चौकटीत लिहायचं असतं की कुठल्या डेटाबेसमधून किती नोंदी मिळाल्या, आणि लगेच पुढे, त्यांतल्या किती दुबार म्हणून वगळल्या. झोटेरो दुबार नोंदी ओळखताना शीर्षक, डीओआय हा निबंधाचा ओळखक्रमांक आणि पुस्तकाचा आयएसबीएन पाहतो. ते जुळले किंवा नसलेच तर प्रकाशनाच्या सालात एका वर्षापर्यंतचा फरक चालवून घेतो, आणि निदान एका लेखकाचं आडनाव व पहिलं अक्षर जुळतंय का ते तपासतो. त्यामुळे बंग एटी आणि बंग, अभय टी. ही जोडी सहसा पकडली जाते. शीर्षकाचं स्पेलिंगच एका ठिकाणी ब्रिटिश आणि दुसरीकडे अमेरिकन असेल, तर मात्र डोळ्यांनीच पाहावं लागतं.

म्हणून अनुभवी लोक एक साधी शिस्त पाळतात. डेटाबेसमधून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची, तिच्या नावातच डेटाबेस, तारीख आणि नोंदींची संख्या लिहायची, आणि सॉफ्टवेअरमध्ये आणल्यावर आकडा जुळतो का ते लगेच पाहायचं. ५१२ उतरवल्या आणि ५०९ आल्या, तर त्या तीन कुठे गेल्या हे त्याच दिवशी शोधता येतं. दुबार काढल्यानंतर, सहा महिन्यांनी, परीक्षकाने विचारल्यावर ते शोधायला बसलं तर नाकी नऊ येतात. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं यावर वाद घालणाऱ्यांपेक्षा ही शिस्त पाळणाऱ्यांचं काम जास्त भरवशाचं असतं.

नावांचा घोळ मात्र शिस्तीनेही पुरता सुटत नाही. ही सॉफ्टवेअरं पाश्चात्त्य नावांच्या घडणीवर बेतलेली: एक आडनाव, एक स्वतःचं नाव. संस्था लेखक असली की गंमत होते. ‘वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन’ हे दोन रकान्यांत भरलं गेलं, तर सूचीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ असा लेखक अवतरतो. छापील निबंधांतही हे महाशय भेटतात. मराठीत शासकीय अहवाल हाताने भरणाऱ्यांच्या यादीत ‘शासन, म.’ दिसला तर तो महाराष्ट्र शासनाचाच अवतार समजावा. झोटेरोत नावाच्या रकान्याशेजारी दोन रकाने एक करायचं छोटं बटण आहे. तेवढं दाबलं की प्रश्न मिटतो, पण ते आहे हे माहीत हवं. ‘लोकहितवादी’, ‘केशवसुत’ यांच्यासाठीही तेच. देवनागरी शीर्षकांची फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत साठवलेली नसेल, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आणि चौकोन येतात. आणि ‘कुलकर्णी एस’ या नावाने शोध घेतला तर कुठला एस हे ओळखणं केवळ अशक्य. २०१२ मध्ये सुरू झालेला ऑर्किड हा संशोधकांचा १६ अंकी क्रमांक याच अडचणीवर काढलेला तोडगा आहे.

या साऱ्यामागे पैशांचंही गणित आहे. वेब ऑफ सायन्स हा डेटाबेस आणि एंडनोट हे सॉफ्टवेअर आज एकाच क्लॅरिव्हेट कंपनीचे. स्कोपस हा डेटाबेस एल्सेव्हिअरचा, आणि मेंडेली हे सॉफ्टवेअरही एल्सेव्हिअरने २०१३ मध्ये विकत घेतलं. नळही त्यांचा, हंडाही त्यांचाच. संशोधकाने वर्षानुवर्षं जमवलेल्या नोंदी उद्या दुसरीकडे न्यायच्या म्हटलं, तर वाट किती मोकळी राहणार हा प्रश्न त्यातूनच येतो.

तो प्रश्न एकदा कोर्टातही गेला. झोटेरो हे अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासकारांच्या केंद्राने २००६ मध्ये बनवलेलं, मोफत आणि खुल्या कोडचं सॉफ्टवेअर. एंडनोट तेव्हा थॉमसन रॉयटर्सकडे होतं. वेगवेगळ्या नियतकालिकांच्या संदर्भशैली साठवणाऱ्या एंडनोटच्या फाइली झोटेरोच्या नव्या आवृत्तीला वाचता येऊ लागल्या. त्यावर थॉमसन रॉयटर्सने २००८ मध्ये व्हर्जिनियाच्या कोर्टात विद्यापीठावर दावा लावला आणि वर्षाला किमान १ कोटी डॉलरची भरपाई मागितली. स्वल्पविराम कुठे द्यावा आणि साल कंसात टाकावं की नाही, याच्या नियमांवरून एवढी मोठी मागणी! जून २००९ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. आज ‘सायटेशन स्टाइल लँग्वेज’ या खुल्या पद्धतीत १०,००० हून जास्त शैली कुणालाही फुकट मिळतात. झोटेरो त्या वापरतो, आणि मेंडेलीही.

२०१८ मध्ये खटका उडाला तो मेंडेलीवरून. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर साठणारा डेटाबेस मेंडेलीने कुलूपबंद, म्हणजे एनक्रिप्ट करायला सुरुवात केली. सुरक्षिततेसाठी हे केल्याचं कंपनीचं म्हणणं. झोटेरोने नेमकी तेव्हाच तो डेटाबेस थेट वाचून नोंदी आणण्याची सोय तयार केली होती, ती निरुपयोगी ठरली. आरआयएस आणि बिबटेकमध्ये नोंदी बाहेर काढता येतच होत्या. पण आरआयएस फाइलमध्ये फोल्डरांची रचना जात नाही. पाच वर्षं खपून नीट लावलेले कप्पे सोडून नुसता ढीग उचलून न्यायचा, असा तो पर्याय होता.

जानेवारी २०२५ पासून भारतात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ती चालवतं. आजवर ज्यांना शुल्काच्या भिंतीपलीकडचा निबंध मिळत नव्हता, अशा सरकारी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांपुढे आता एकदम मोठा साठा आला आहे. खासगी महाविद्यालयं पहिल्या टप्प्यात नाहीत. वाचायला भरपूर मिळालं की सांभाळायचा प्रश्न आलाच, आणि ते शिकवण्याचा भार बहुधा ग्रंथपालांवर पडेल.

उतरवून घेतलेल्या नोंदीचा आणखी एक स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो. ती ज्या दिवशी घेतली त्या दिवशीची असते. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा लेख फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेतला. पबमेडवर आज शोधलं तर तो मागे घेतल्याचं ठळक दिसतं. पण २००५ मध्ये कुणी ती नोंद उतरवून ठेवली असेल, तर त्या जुन्या फाइलमध्ये लेख मागे घेतल्याची खूण नसते. २०१९ मध्ये झोटेरोने यावर उपाय काढला. मागे घेतलेल्या निबंधांची यादी ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’शी तो साठ्यातल्या नोंदी ताडून पाहतो. जुळलं तर नोंदीवर लाल पट्टी येते, आणि वर्डमध्ये तो संदर्भ टाकायला गेलं की आधी इशारा मिळतो. ही पडताळणी डीओआय किंवा पबमेडच्या क्रमांकावरून होते. झेरॉक्सवरून हाताने टाइप केलेल्या, क्रमांकाचा रकाना रिकामा सोडलेल्या नोंदीपर्यंत ती पोचत नाही.